कडीतला काळा मणी

सोमवार, २ सप्टेंबर १९९१. सकाळी ७ वा. ४० मि. बेलवली.
खिडकीपाशी बसून पितळी ताटात पांढऱ्या मण्यांचे शंभर-शंभरचे ढीग लावत होतो. बाबा डबा घेऊन कारखान्याला निघता निघता दारात थांबले. "झाले का मोजून, बाईसाहेब?"  चौथ्या ढिगात आकडा चुकला. पहिल्यापासून पुन्हा मोजले.
आठवी सोडल्यापासून उल्हासनगरला हासूशेठच्या मण्यांच्या दुकानात पुड्या बांधतो आहे. शनिवारी शेठने पहिल्यांदा काम माझ्या नावावर दिले. नाताळच्या चांदण्या, बारा डझन, बाहेरदेशी जाणार. चलनावर नाव माझे. मुनीमजींनी 'दिगम्बर' लिहिले होते, मी अनुस्वार देऊन घेतला. माल पास झाला तर यापुढचे काम थेट मला. नाही झाला तर पुन्हा पुड्या, आणि नाक्यावर सगळ्यांना आयता विषय.
शनिवार १२ ऑक्टोबरला पार्टीचा माणूस मुंबईहून माल बघायला येणार. चाळीस दिवस आहेत. 

बुधवार, ४ सप्टें.
नमुना तिसऱ्यांदा केला. पहिला वाटीसारखा वर वळला, कारण दोरा फार ओढला. दुसरा लुळा पडला. तिसरा सपाट बसला.
विसरू नये म्हणून कृती लिहून ठेवतो. मध्ये सहा मण्यांचा फेर. त्यावर दुसरा फेर, दर दोन मण्यांच्या मध्ये एक सोनेरी, म्हणजे सहा. मग सहा पाकळ्या. पाकळीला आधी पाच मण्यांची शिडी: दोन मणी शेजारी शेजारी उभे करून दोरा दोन्हीतून गोल फिरवायचा, मग तिसरा, तसे पाच. शिडीवर विटा रचतात तसे चार, तीन, दोन, टोकाला एक. वरचा मणी खालच्या दोघांच्या सांध्यावर बसला पाहिजे, डोक्यावर नाही. पाकळीचे पंधरा. सहा पाकळ्यांचे नव्वद. वर टांगायला बारा सोनेरी मण्यांची कडी. एकूण ११४.
दोरा ओढताना श्वास सोडायचा. धरून ठेवला की हात आवळतो.

शनिवार, ७ सप्टें.
शेठने नमुना पास केला. उजेडात धरला, उलटा केला, नखाने टोक वाकवून पाहिले. शेठ सिंधी, दुकानातल्या पोरांना 'पुट' म्हणतात, म्हणजे बेटा. "अड़े पुट, मशीन है क्या तू?" मुनीमजींना म्हणाले, "देखो, लड़का होके कैसा हाथ है." पहिले अर्धे वाक्य मी वजा करून घेतले.
एकट्याने बारा डझन होणार नाहीत. तिघींना काम देतो. शेजारच्या शालनवहिनी आणि ठाकरवाडीची बुधी पाकळ्या करतील. बुधी बाजाराला उतरते तेव्हा घेऊन जाईल. मधले फेर आणि जोडणी माझी. शेवटी कडी घालून गाठ मारून दोरा आत मुरवणे गोदामावशींकडे (यापुढे गो.मा. लिहीन, जागा वाचते). पलीकडच्या चाळीत राहतात, वय साठच्या पुढे. गावातल्या निम्म्या तान्ह्या पोरांच्या काळ्या मण्यांच्या मनगट्या त्यांच्या हातच्या. त्यांची गाठ सुटलेली कोणी पाहिलेली नाही.

मंगळवार, १० सप्टें.
तिघींना आमच्या ओसरीवर बसवून शिकवले. बाबांच्या दोन वर्गमित्रांनी जाता जाता मान वळवून पाहिले. पाहू देत.
शालनवहिनींनी विचारले, हे टांगतात कुठे? झाडाला, म्हटले. नाताळात घरात झाड आणून ठेवतात, त्याला.
"वडाला का? आपण दोरा गुंडाळतो तसं?"
"वड नाही हो. वेगळं झाड."
"घरात झाड?" गो.मा. म्हणाल्या. "मुळं कुठं जातात मग?"
बुधी चांदणी तोंडाजवळ नेऊन बघत होती. "सगल्या झाडाला आसं बांदलं त पाखरां बसायची कुठं?"
 हे शेठला विचारणार नाही.

मंगळवार, २४ सप्टें.
गणपतीत काम बंद होते, ते दिवस अंगावर आले. आजपासून पुन्हा. पितृपक्ष लागला म्हणून वहिनी बिचकत होत्या. म्हटले, नवीन कुठे, जुनेच पुढे चालू आहे. पटले.
नाक्यावरून मण्यांची पेटी कॅरियरला बांधून येत होतो. तिथला नेहमीचा घोळका. एकजण ओरडला, "ए दिग्या, माझ्या गजऱ्याचं माप घे ना!"
सायकलवरून उतरलो. "डोकं असेल तर आण, घेतो."
त्याच्या दोस्तांनाच हसू आले. पुन्हा सायकलवर बसलो ते सावकाश बसलो. पळालो असे दिसू दिले नाही.

शनिवार, २८ सप्टें.
सहा डझन तयार. प्रत्येक चांदणी पुठ्ठ्यावर आखलेल्या मापावर उताणी ठेवतो, सहा टोके रेघेला लागतात का बघतो. आजवर अकरा परत उसवून घेतल्या. वहिनी म्हणतात, "भाऊजी, तुमच्या बायकोचं कठीण आहे." बुधी दर आठवड्याला पैसे मागते, तिला देतो. तिची पाकळी सर्वांत सरळ, आणि ती ताट न बघता, बोलता बोलता करते.
बाबांनी जेवताना विषय काढला. "शिंपी झाला असतास तर चारचौघांत सांगितलं असतं. हे काय सांगू? पोरगा काय करतो? मणी ओवतो."
मी म्हटले, "सांगा, पोरगा माल बाहेरदेशी पाठवतो."
"पाठव आधी."

बुधवार, २ ऑक्टोबर.
आठ डझन झाले. संध्याकाळी गो.मा. हिशेब द्यायला आल्या. पदराच्या गाठीतून काडेपेटी काढून दिली. "हे तुझे उरलेले, मोजून घे."
आत ९६ सोनेरी मणी.
मी दर चांदणीला बरोबर बारा मणी मोजून देतो. उरायला एकही नको. आठ डझन म्हणजे ९६ चांदण्या. म्हणजे दर चांदणीमागे एक. माझेच मोजणे चुकत होते का?  पेटी उघडून एक चांदणी घेतली, कडी मोजली. बारा. दुसरी, बारा. मग पालथी केली. कडी मागून जिथे सुरू होते, अगदी पाकळीच्या टोकाच्या मण्याला लागून, एक मणी काळा.
तिसरी पाहिली. चौथी. सगळ्या.
मी चांदण्या उताण्या तपासल्या. पालथी एकही नाही. तपासणारा मी.
"मावशी, हे काय?"
"तीट," त्या म्हणाल्या. जणू मी मीठ म्हणजे काय असे विचारले.

गुरुवार, ३ ऑक्टो.
नीट झोप नाही. सकाळीच गो.मा.कडे गेलो. आवाज चढला माझा, खोटे लिहिणार नाही.
म्हटले, नमुन्यात काळा मणी नाही. मी दाखवले होते. नमुन्यापासून एक मणी इकडचा तिकडे चालत नाही.
त्या तांदूळ निवडत होत्या. "इतकी देखणी वस्तू, परक्या घरी जाणार. कोणकोण बघणार, कशा नजरेनं बघणार, आपल्याला काय ठाऊक? पोराला तीट न लावता दाराबाहेर काढतं का कोणी?"
"मावशी, ते पोर नाही. वस्तू आहे."
"हातानं केलेलीच ना?"
 निघताना म्हणाल्या, "मणी माझे घातले रे. तुझे सगळे परत दिले. एकही ठेवला नाही."
घरी येऊन एक चांदणी उसवून पाहिली. कडीचा दोरा जोडणीचाच असतो, तो कापला तर शेजारच्या दोन पाकळ्या सैल पडतात. एक मणी काढायला निम्मी चांदणी सोडावी लागते. ९६ चांदण्या. नऊ दिवस.
नाही होणार.
लपवून नेले आणि १२ तारखेला त्या माणसाने पालथी केली तर? त्यापेक्षा आपण होऊन शेठला दाखवायचे. शनिवारी जातो.

शनिवार, ५ ऑक्टो.
एक डझन घेऊन गेलो. गल्ल्यासमोर सगळ्या पालथ्या मांडल्या. मीच बोट ठेवले.
शेठ चष्मा वर सरकवून वाकले. "ये काला क्या है? माल में कचरा?"
"कचरा नहीं, शेठ. नजर का मणी है."
"अड़े बाबा, वहाँ नजर नहीं लगती. वहाँ रिजेक्शन लगता है!"
मुनीमजी हसले. दुकानाच्या दारावर लिंबू-मिरची लोंबत होती, आजचीच, हिरवीगार. मी तिकडे बघितले. "और ये, शेठ?"
"दुकान मेरी है, पुट. माल पार्टी का है."
शेठ वाईट नाहीत. पोरगा समजून सांगतात. दोन वाटा दिल्या. एक, पक्कड घेऊन काळा मणी तिथल्या तिथे फोडायचा. कडीत अकरा मणी राहतील, कोणाला कळणार नाही. दोन, आहे तसा माल सेकंड म्हणून निम्म्या भावात.
मी म्हटले, फोडला तर काचेची कपची दोऱ्यावर घासते. आज धरेल, पण टांगल्यावर चार दिवसांत कडी तुटेल.
"तब टूटेगी ना! पास तो हो जाएगी."
म्हणजे दिसणारा मणी चालत नाही आणि न दिसणारी चीर चालते. हे बोललो नाही, इथे लिहितो. बोलायला हवे होते.
मुनीमजी एक चांदणी उचलून म्हणाले, "बुढ़िया की गलती है, बुढ़िया से भरवा ले."
तेव्हा मात्र बोललो. "मुनीमजी, गलती एक जागा पे नहीं बैठती. ये बारा देखो. बाराही में मणी एकच जागी. कडीचा पहिला, टोकाला लागून. घर पे और है, वो भी वैसेच. मेरे से आठ डझन में ग्यारा पीस बिगड़े. उनसे एक नहीं."
हिंदी-मराठीची खिचडी झाली, पण आवाज फुटला नाही. डझन पुन्हा पेटीत भरले. शेठ म्हणाले, बारा तारीख तक सोच.
येताना अंबरनाथला सायकल पंक्चर. तिथून पेटी डोक्यावर घेऊन सायकल ढकलत निम्मी वाट, पंक्चरवाला सापडेपर्यंत.

रविवार, ६ ऑक्टो.
बाबांना सुट्टी. विचारले काय झाले, सांगितले. वाटले हसतील.
"निम्मे देतोय तर घे आणि मोकळा हो. मोठा आलाय."
"सेकंड नाही आहे तो माल."
"मग खा ते मणी."
दुपारी पेटी उघडी राहिली होती. मी आत पाणी प्यायला गेलो, आलो तर बाबा एक चांदणी घेऊन खिडकीशी. कारखान्यात जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला तुकडा, बघतात तशी, एक डोळा मिटून. पालथी केली, काळ्या मण्यावर अंगठ्याचे नख फिरवले.
"सगळ्यांत इथंच आहे?"
"हो."
"आमच्या खात्यात जॉब झाला की प्रत्येक जण मागच्या बाजूला आपला नंबर पंच करतो, ठोकून उमटवतो. त्याला डाग म्हटलेलं मी ऐकलं नाही." चांदणी ठेवली आणि पेपर वाचायला घेतला. बस्स. 
बाबांना तीट पटत नाही, पंच पटतो. मावशींना पंच म्हणजे काय ते ठाऊक नाही. मणी तोच.

मंगळवार, ८ ऑक्टो.
बुधी आज उतरली म्हणून तिघींना एकत्र बोलावले. लपवाछपवी नको. सरळ सांगितले: निम्म्या भावाने दिले तर तुम्हा तिघींची मजुरी बरोबर सुटते, माझे काहीच राहत नाही. मणी फोडले तर सगळे पैसे मिळतात आणि चांदण्या तुटतात. काहीच नाही केले तर माल पडून राहू शकतो. पण तुमची मजुरी माल पास होवो न होवो मी देणार, वेळ लागेल एवढेच.
शालनवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, निम्मे घ्या आणि संपवा. जगात लोक कुठे एवढे बघतात?" त्यांचे चूक नाही. त्यांच्या घरी तीन पोरे.
गो.मा. म्हणाल्या, "माझे नकोत पैसे. माझ्यामुळं झालं."
बुधीने दोघींकडे बघितले. "म्या नाय सोडायची माजं. मावशी, तू पन सोडू नुको. काम केलाय." मग मला, "आनि फोडायचा नाय. म्या यवढी सरल पाकली केली ती तुटायला नाय."
गो.मा. रडतील असे वाटले, पण त्या बुधीला म्हणाल्या, "तुझ्या पोराची मनगटी झिजली असेल, आण पुढल्या खेपेला."
सगळ्या गेल्यावर गुरुवारी उसवलेली चांदणी पुन्हा जोडली. कडी आज माझ्याच हाताने. गो.मा.ची काळ्या मण्यांची डबी ओसरीवर राहिली होती. सोनेरी मणी समोर होते, मोजलेले. सुई दोन्हींच्या मध्ये धरली. मी आयुष्यात नमुन्याबाहेर एक टाका घातलेला नाही.
काळा उचलला. पहिला मणी, टोकाला लागून. गाठ मावशींसारखी नाही जमली, पण घट्ट आहे.

शुक्रवार, ११ ऑक्टो.
बारा डझन पूर्ण. उरलेल्या चार डझनांतही काळा मणी आहे. गो.मा.नी विचारले होते, "घालू का नको?" म्हटले, "घाला. नऊ डझनात एक आणि तीनात दुसरे असे मी देत नाही." (आकडा रागात चुकला. आठ आणि चार.)
सगळ्या पालथ्या तपासल्या. १४४. एकाही मण्याची जागा हललेली नाही.
नाक्यावर तोच घोळका.  मीच थांबून विचारले, "काय, आज गजरा नको?"

शनिवार, १२ ऑक्टो. दुपारी ४ वा., दुकानाबाहेरच्या बाकावर लिहितो आहे.
पार्टीचा माणूस साडेबाराला आला. चाळिशीचा, बाह्या दुमडलेल्या, खिशात भिंग. शेठने पेटीतल्या चांदण्या उताण्या मांडल्या होत्या. मी पुढे होऊन पहिली ओळ पालथी केली. शेठने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढून घेतला आणि दुसरी ओळ पालथी केली.
साहेबांनी विचारले, हा मणी नमुन्यात होता का? नव्हता, म्हटले. मग का? नजर लागू नये म्हणून, ज्यांच्या घरी टांगणार त्यांचीच वस्तू नीट राहावी म्हणून. शेठ म्हणाले, "साहब, लड़का नया है, निकाल देगा."
"नहीं निकालूँगा," मी म्हटले. शेठसमोर 'नहीं' असे पहिल्यांदाच बोललो. 
 साहेबांनी भिंगातून सहा-सात पाहिल्या. कडीला बोट घालून एक जोरात झटकली. तुटली नाही. दुसरी झटकली. मग कडीचे मणी मोजले, मी मोजतो तसेच, ओठ हलवत. विचारले, हे कोणी घातले? "गोदावरी मावशी, बेलवली." त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. नाव लिहिले की नुसती नोंद, उलट्या बाजूने वाचता आले नाही.
दोन चांदण्या पाकिटात घालून घेतल्या. बाहेर पाठवून विचारतो, म्हणाले. माल घेतील किंवा या दोन परत येतील. पंधरा दिवस, कदाचित महिना. पेटी तोपर्यंत शेठच्या माळ्यावर.
शेठ गल्ल्यावरून बघत आहेत. अजून पुड्यांना बसायला सांगितलेले नाही. जा असेही म्हणालेले नाहीत.

खर्च: दोरा रु. १८. सुया रु. १२ (चौदा मोडल्या). मेण रु. २. खोके, पुठ्ठा रु. १४. पंक्चर रु. ३. बुधीला आगाऊ रु. ६०. एकूण रु. १०९.
देणे: शालनवहिनी रु. १०८. बुधी, बाकी रु. ४८. गो.मा. रु. ७२, त्या नको म्हणाल्या तरी. एकूण रु. २२८.
येणे: १४४ चांदण्या, दर रु. ४ प्रमाणे रु. ५७६. आले तर.
सेकंडच्या भावाने: आकडा मांडलेला नाही.